ढगावर ढग आदळतो म्हणजे नेमकं काय होतं?

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "अवकाश तर जवळजवळ रिकामं असतं. मग वायूचे दोन ढग एकमेकांवर आदळतात म्हणजे काय होतं? ते आरपार निघून का जात नाहीत? त्या टकरीतून तारे कसे तयार होतात, आणि हजारो प्रकाशवर्षांवरून टक्कर झाली हे ओळखतात कसं? मला प्रकल्पासाठी हा विषय घ्यायचा आहे."

गेली बावीस वर्षं मी रेडिओ दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून अशाच ढगांचा अभ्यास करतो आहे. प्रश्न ज्या क्रमाने विचारले आहेत त्याच क्रमाने उत्तर देतो. मात्र शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण या विषयात माणसं चुकतात ती तिथेच. मीही तिथेच चुकलो होतो.

आधी "रिकामं" या शब्दाचं पाहू. तारे ज्या ढगांत जन्मतात ते मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे असतात. तापमान १० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सियस. एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण १०० रेणू. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २७ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. तेव्हा रिकामं म्हणायला हरकत नाही. पण ढग आरपार जाईल का, हे ठरवायला नुसती घनता पाहून चालत नाही. एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी किती अंतर जातो आणि ढग केवढा आहे, या दोन गोष्टींची तुलना करावी लागते. रेणूचा धडकेला सापडणारा आकार १० चा उणे १५ वा घात चौरस सेंटिमीटर धरा. १०० रेणूंच्या घनतेला धडकेआधीचं सरासरी अंतर येतं साधारण १० कोटी किलोमीटर. आपल्याला हे प्रचंड वाटतं, पण ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या दोन तृतीयांशच आहे. ढगाची रुंदी मात्र तीसेक प्रकाशवर्षं. भागाकार करून पाहा: समोरच्या ढगातून सरळ पलीकडे जायचं म्हटलं तर एका रेणूला वाटेत सुमारे २८ लाख धडका बसतील. तो जाऊच शकत नाही. म्हणून इतका विरळ असूनही हा वायू आपल्या हवेसारखा किंवा पाण्यासारखा प्रवाही म्हणूनच वागतो. शिवाय त्यात थोडे विद्युतभारित कण असतात. ते चुंबकक्षेत्राला बांधलेले असतात आणि बाकीच्या वायूलाही त्यात गुंतवून ठेवतात.

ताऱ्यांचं याच्या अगदी उलट आहे. दोन दीर्घिका एकमेकींत घुसतात तेव्हा त्यांतले तारे सहसा एकमेकांना शिवतही नाहीत, इतके ते एकमेकांपासून लांब असतात. आदळतो तो त्यांच्यातला वायू. काकपक्षी तारकासमूहातल्या अँटेना दीर्घिका, एनजीसी ४०३८ आणि ४०३९, याचं ठळक उदाहरण आहेत. दोघींचा वायू जिथे एकमेकांवर चढला आहे त्याच पट्ट्यात नव्या ताऱ्यांचे प्रचंड गुच्छ धुळीआड जन्मताना दिसतात.

आता प्रत्यक्ष आदळण्याकडे येऊ. ढगांचा एकमेकांच्या सापेक्ष वेग बहुतेक वेळा सेकंदाला १० ते २० किलोमीटर असतो. १० केल्विनच्या हायड्रोजनमध्ये आवाजाचा वेग आहे सेकंदाला ०.२ किलोमीटर. म्हणजे टक्कर आवाजाच्या पन्नास ते शंभर पट वेगाने होते. टकरीचं सगळं भौतिकशास्त्र या एका गुणोत्तरात आहे. दादरच्या पुलावर दोन्ही बाजूंच्या लोकलची गर्दी एकदम समोरासमोर आली की मधली माणसं थांबतात, पण मागच्यांना ते कळलेलं नसतं आणि ती चालतच राहतात. वायूत "पुढे थांबलंय" हा निरोप मागे पोचतो तो आवाजाच्या वेगाने. वायू स्वतःच त्याच्या पन्नास पट वेगाने येत असेल तर निरोप पोचायच्या आत तो येऊन आपटलेला असतो. त्यामुळे मधोमध एक पातळ, दाट थर तयार होतो आणि दोन्ही बाजूंनी त्यात भर पडत राहते.

आपटलेला वायू तापतो. सेकंदाला १० किलोमीटर वेगाच्या आघाताला तापमान पाच हजार केल्विनच्या घरात जातं. ते तसंच टिकलं असतं तर दाब वाढून वायू परत फुगला असता आणि तारा कधीच झाला नसता. पण या वायूत कार्बन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि धूळ असते. ही मंडळी उष्णता प्रारणाच्या रूपात बाहेर टाकतात, आणि ढगाच्या आयुष्याच्या मानाने क्षणार्धात थर पुन्हा दहा-वीस केल्विनवर येतो. थंड झालेल्या थराला बाहेरच्या दाबापुढे दबण्याखेरीज गत्यंतर नसतं. पुस्तकी सूत्र सांगतं की घनता वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढते, म्हणजे पन्नासाचा वर्ग, २,५०० पट. प्रत्यक्षात चुंबकक्षेत्र एवढं दबू देत नाही. ढगातलं नेहमीचं चुंबकक्षेत्र धरलं तर पहिल्या दणक्यात घनता दहा-वीस पटच वाढते. पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं.

गुरुत्वाकर्षण का जिंकतं, हे जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये दाखवलं. वायू जितका थंड आणि दाट, तितकं स्वतःच्या वजनाखाली ढासळायला लागणारं किमान वस्तुमान कमी होत जातं. घनता शंभर पट झाली की ढासळायला लागणारा काळ दहा पटींनी कमी होतो. १०० रेणूंच्या घनतेला हा काळ पस्तीसेक लाख वर्षं, १०,००० च्या घनतेला साडेतीन लाख.

बहुतेक लेखांत एवढ्यावर विषय संपतो: ढग दाबला, तारे झाले. मला ते अपुरं वाटतं. तारे टकरीशिवायही होतात. वृषभेतल्या शांत ढगांत सूर्यासारखे तारे आजही निवांतपणे घडत आहेत, तिथे कोणी कोणावर आदळण्याची गरज पडत नाही. टक्कर खरी कामाला येते ती सूर्याच्या वीस-तीस पट जड ताऱ्यांच्या बाबतीत. हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा कागदावर करून पाहावा, म्हणून इथे मांडतो.

ढासळणाऱ्या गाभ्यातून, म्हणजे ढगातल्या दाट गाठीतून, ताऱ्यावर दर वर्षी किती वस्तुमान पडतं, याचा अंदाज फार सोप्या सूत्राने येतो: वायूतल्या वेगाचा घन भागिले गुरुत्वस्थिरांक. वेग ०.२ किलोमीटर घातला की उत्तर येतं वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा पाच लाखावा भाग. या दराने सूर्य घडायला पाच लाख वर्षं लागतील, ते ठीक आहे. पण ३० सूर्यांचा तारा? दीड कोटी वर्षं. आणि अशा ताऱ्याचं सगळं आयुष्यच साठेक लाख वर्षांचं असतं. घर बांधून व्हायच्या आत त्याचा पाया खचला असं होईल. शिवाय तारा अर्धवट मोठा झाला की त्याचा प्रखर प्रकाशच पडणाऱ्या वायूला आणि धुळीला मागे रेटू लागतो. म्हणजे मोठा तारा व्हायचा असेल तर खाणं भराभर यायला हवं, प्रकाशाच्या रेट्याला पुरून उरेल इतक्या वेगाने.

२०१३ मध्ये त्सुयोशी इनोउए आणि यासुओ फुकुई यांनी चुंबकक्षेत्रासह केलेल्या संगणकी प्रतिकृतीत नेमकं हेच दिसलं. टकरीच्या थरात चुंबकक्षेत्र वाढतं, वायूची खळबळ वाढते, आणि सूत्रात घालायचा वेग नुसत्या आवाजाचा न राहता सेकंदाला एक किलोमीटरच्या वर जातो. वेग पाच पट झाला तर त्याचा घन १२५ पट. मग तोच ३० सूर्यांचा तारा दीड कोटीऐवजी सव्वा लाख वर्षांत होतो. जे चुंबकक्षेत्र वायूला दबू देत नाही असं मी वर लिहिलं, तेच इथे गाभे लहान लहान तुकड्यांत फुटू देत नाही आणि जड गाभे जड ठेवतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

मात्र जोरात आदळलं की जास्त तारे होतात, असा नियम नाही. फार वेगाने टक्कर झाली तर दाबलेले गाभे वाढायच्या आत लहान ढग संपून जातो. ज्या दीर्घिकांच्या मधोमध ताऱ्यांचा दांडा असतो, उदाहरणार्थ एनजीसी १३००, त्यांच्या दांड्यात वायू असूनही तारे फार कमी जन्मतात. तिथे ढग नको इतक्या वेगाने एकमेकांवर आपटतात, हे त्याचं एक गंभीरपणे मांडलं गेलेलं कारण आहे. दुसरी अट मालाची. किती वायू एकावर एक साठला आहे, हे आम्ही एक चौरस सेंटिमीटरच्या स्तंभात मोजतो. निरीक्षणांवरून असं दिसतं की एखादा जड तारा व्हायला या स्तंभात १ वर २२ शून्यं इतके रेणू लागतात, आणि दहाहून जास्त जड तारे असलेला गुच्छ व्हायला त्याच्या दहा पट. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर वजनात सांगतो. पहिली मर्यादा म्हणजे झेरॉक्सच्या सहा कागदांची चळत, दुसरी साठ कागदांची. दहा प्रकाशवर्षं जाडीचा ढग, पण त्याच्यातून आरपार पाहिलं तर वाटेतला माल सहा कागदांइतका. तेवढ्यावर सूर्याच्या वीस पट जड तारा उभा राहतो.

एवढा वेग ढगांना मिळतो कुठून? एकमेकांच्या ओढीने नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. धनू राशीतल्या ट्रायफिड तेजोमेघापाशी, एम २० पाशी, दोन ढग मोजले गेले. प्रत्येकात सुमारे हजार सूर्यांचा माल आहे. त्यांचा परस्पर वेग इतका जास्त आहे की एवढ्या वस्तुमानाची ओढ त्यांना बांधून ठेवूच शकत नाही. वेग येतो तो बाहेरून: आकाशगंगेच्या आतल्या आणि बाहेरच्या कक्षांच्या फिरण्यातला फरक, सर्पिल भुजेत शिरताना वायूची होणारी दाटी, आणि सुपरनोव्हांनी ढकललेली कवचं.

कल्पना जुनी आहे. यान ऊर्ट यांनी १९५४ मध्येच ढगांच्या टकरी आणि जड ताऱ्यांचे समूह यांचा संबंध जोडला होता. रॉबर्ट लोरेन यांनी १९७६ मध्ये ययाती तारकासमूहातल्या एनजीसी १३३३ मध्ये टकरीच्या खुणा दाखवल्या. १९९२ मध्ये हाबे आणि ओहता या जपानी संशोधकांनी लहान ढग मोठ्यावर आपटला तर काय होतं याची प्रतिकृती केली. त्यानंतर बरीच वर्षं हा विषय बाजूलाच पडून होता. तो परत पुढे आला २००९ मध्ये, नागोया विद्यापीठाच्या गटामुळे. त्यांची नानतेन-२ ही चार मीटरची दुर्बीण चिलीच्या अटाकामा वाळवंटात ४,८६५ मीटर उंचीवर आहे. नानतेन म्हणजे जपानीत दक्षिणेचं आकाश. वेस्टरलुंड २ या जड ताऱ्यांच्या गुच्छाच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या वेगांचे दोन महाकाय ढग तिला दिसले. पुढच्या बारा वर्षांत अशा संशयित जागांची यादी पन्नासाच्या वर गेली.

"संशयित" हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं.

ढग आम्हाला दिसतो तो कार्बन मोनॉक्साइडमुळे. हायड्रोजनचा रेणू समतोल असतो, थंडीत तो जवळजवळ मुकाच राहतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र ११५.२७ गिगाहर्ट्झवर, २.६ मिलिमीटर तरंगलांबीला, बोलतो. ढग आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल तर ही वारंवारता सरकते. सेकंदाला एक किलोमीटर वेग म्हणजे ३८४ किलोहर्ट्झ, सहज मोजता येईल इतका फरक. (खोडदची जीएमआरटी याला चालेल का, हे मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारतात. नाही चालत. तिच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या तारांच्या जाळीच्या आहेत, २.६ मिलिमीटरची लहर त्या जाळीतून निघून जाईल. शिवाय या लहरींना कोरडी, उंच जागा लागते. पण टकरीतून जन्मलेल्या जड ताऱ्याने भोवतीचा वायू आयनित केला की तो वायू आणि आसपासचा अणुरूप हायड्रोजन पाहायला जीएमआरटी उत्तम आहे, आणि आपल्याकडे त्यावर भरपूर काम झालं आहे.)

दुर्बिणीतून हाती येतो तो एक घन. दोन बाजू आकाशातल्या जागेच्या, तिसरी वेगाची. तिसरी मिती अंतराची नाही, वेगाची आहे, हे सांगूनही नवशिके विसरतात. एखाद्या जागी वर्णपट काढला आणि त्यात दोन उंचवटे दिसले, एक ८ किलोमीटरला आणि एक १३ ला, की मन लगेच म्हणतं: दोन ढग!

मीही तेच म्हटलं होतं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका तेजोमेघाच्या नकाशात मला असे दोन सुबक उंचवटे दिसले, मधोमध खोल दरी. तीन महिने मी त्यावर घालवले. दोन्ही ढगांची वस्तुमानं काढली, टकरीचा काळ काढला, आकृत्याही केल्या. गटाच्या बैठकीत सरांनी फक्त एवढंच विचारलं, "तेरा कार्बनचं काय दिसतंय?" ते मी पाहिलंच नव्हतं. साध्या कार्बनऐवजी १३ वस्तुमानांकाचा कार्बन असलेला मोनॉक्साइड साठ-सत्तर पट दुर्मिळ असतो, त्यामुळे त्याचा प्रकाश ढगातच अडकून न पडता आतून बाहेर येतो. मी त्याच जागेचा तो वर्णपट काढला. जिथे दरी होती, बरोबर तिथेच एक उंच टोक होतं. ढग एकच होता. आतला गरम वायू प्रकाश देत होता आणि बाहेरचं थंड आवरण मधल्या वेगाचा प्रकाश गिळत होतं. एका उंचवट्याचे दोन झालेले मला दिसत होते. त्या दिवसापासून तेरा कार्बन किंवा त्याहून दुर्मिळ अठरा ऑक्सिजनचा वर्णपट पाहिल्याशिवाय मी "दोन" हा शब्द तोंडातून काढत नाही.

समजा दोन ढग खरोखर आहेत. तरी ते एकामागे एक, शेकडो प्रकाशवर्षं लांब असू शकतात. आकाशगंगेच्या पातळीत पाहिलं तर एकाच रेषेत चार-पाच ढग सापडणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणून आम्ही खुणा शोधतो. एक खूण पुलाची. दोन वेगांच्या मधल्या वेगाचा थोडासा वायू, नेमका टकरीच्या जागी, जणू दोन ढगांमध्ये पूल टाकल्यासारखा. टकरीत वेग हरवलेला वायू मधल्या वेगाला येणारच, म्हणून हा पूल महत्त्वाचा. दुसरी खूण मला जास्त विश्वासाची वाटते: एका ढगात भोक आणि दुसऱ्या ढगाचा आकार त्या भोकात बसणारा. लहान ढग मोठ्यात घुसला की मोठ्यात खड्डा पडतो. टक्कर आपल्या नजरेच्या रेषेशी तिरकी असेल तर आता ढग आणि भोक थोडे सरकलेले दिसतात, आणि एक नकाशा उचलून दुसऱ्यावर सरकवला की कुलपात किल्ली बसावी तसे बसतात. जितकं सरकवावं लागलं त्या अंतराला वेगाने भागलं की टक्कर कधी झाली तेही कळतं. तोंडी हिशेबासाठी एक सोय: सेकंदाला एक किलोमीटर वेगाने दहा लाख वर्षांत एक पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं अंतर कापलं जातं.

मृग नक्षत्रातल्या एम ४२ तेजोमेघावर हेच केलं गेलं. आपल्या सगळ्यांना ओळखीचा तो, मृगाच्या पोटातल्या बाणाच्या खाली अंधूक दिसणारा धुरकट ठिपका, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा. फुकुई यांच्या गटाने २०१८ मध्ये मांडलं की तिथे मी वर उदाहरणात घेतलेल्या ८ आणि १३ किलोमीटर वेगांचेच दोन ढग आहेत, त्यांचे आकार एकमेकांत बसतात, सरकवायचं अंतर एक प्रकाशवर्षाच्या आसपास, आणि टक्कर साधारण एक लाख वर्षांपूर्वीची. यावर लगेच आक्षेप आला, आणि तो रास्त आहे. तिथल्या गुच्छातले लहान तारे दहा लाख वर्षांहून मोठे आहेत. मग टक्कर लाख वर्षांपूर्वी कशी? गटाचं उत्तर असं की लहान तारे आधीपासून घडतच होते, टकरीने घडवले ते फक्त मधले जड तारे. वर केलेल्या हिशेबाशी हे जुळतं, म्हणून मला ते पटतं. पण त्या दोन वेगांचा एकच मोठा, आत खळबळ असलेला ढग असू शकतो असं म्हणणारेही अभ्यासू लोक आहेत आणि त्यांना खोडून काढणारा पुरावा अजून पुढे आलेला नाही.

विद्यार्थ्यांना मी मात्र एम ४२ ऐवजी आरसीडब्ल्यू १२० आधी दाखवतो. वृश्चिकाच्या शेपटीजवळची ही जवळजवळ गोल कडी. अवरक्त चित्रात ती एखाद्या बांगडीसारखी दिसते, उत्तरेला थोडी उघडी. आत एकच जड तारा, सूर्याच्या सुमारे तीस पट. वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं की ताऱ्याने भोवतीचा वायू फुगवून हा बुडबुडा केला. २०१५ मध्ये काझुफुमी तोरी आणि सहकाऱ्यांनी नानतेन-२ आणि इतर दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून उलट मांडणी केली. कडी फुगत असेल तर कार्बन मोनॉक्साइडमध्ये तिच्या प्रसरणाची खूण दिसायला हवी. ती नव्हती. उलट सेकंदाला २० किलोमीटरच्या फरकाचे दोन ढग मात्र दिसत होते. त्यांचं म्हणणं: कडी म्हणजे लहान ढगाने मोठ्यात पाडलेल्या खड्ड्याची भिंत. तारा खड्ड्याच्या तळाशी, दाबलेल्या थरात जन्मला आणि मग त्याने भिंती आतून उजळवल्या. उत्तरेकडची उघडी बाजू म्हणजे लहान ढग आत शिरला ती वाट. तीस सूर्यांचा एकुलता एक तारा आणि भोवती खड्डा. हाबे आणि ओहता यांच्या प्रतिकृतीतलं चित्रच जणू आकाशात काढलेलं. आम्ही सगळे फार खूश होतो.

मग २०२१ मध्ये सोफिया या विमानातल्या दुर्बिणीची निरीक्षणं आली. बोइंग ७४७ मध्ये बसवलेली ही २.७ मीटर व्यासाची दुर्बीण आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा पाहत असे. (हीच रेषा आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची बलूनवरची दुर्बीण हैदराबादहून उडून, जपानी वर्णपटमापक घेऊन, आधीपासून पाहत आली आहे.) आयनित कार्बन थंड ढगात नसतो, ताऱ्याच्या प्रकाशाने तापलेल्या भिंतीच्या आतल्या पापुद्र्यात असतो. आणि त्या पापुद्र्यात प्रसरण होतं: एक पातळ कवच सेकंदाला १५ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होतं. त्यावरून बुडबुड्याचं वय निघालं दीड लाख वर्षांपेक्षा कमी. कार्बन मोनॉक्साइडमध्ये जे दिसलं नव्हतं ते इथे स्पष्ट दिसलं.

मग टक्कर खोटी ठरली का? माझं मत सांगतो, ते मत म्हणूनच घ्या. इथे दोन प्रश्न एकात मिसळले गेले होते. कडी कोणी केली हा एक, आणि तारा कोणामुळे झाला हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आता बऱ्याच अंशी ताऱ्याच्या बाजूने झुकलं आहे, निदान कवचाच्या हालचालीपुरतं. दुसरा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे. २० किलोमीटर फरकाचे ते दोन ढग कुठे गेलेले नाहीत, आणि तीस सूर्यांचा तारा एवढ्या थोड्या काळात एकटाच कसा उभा राहिला याचं कारण बुडबुडा देऊ शकत नाही. बुडबुडा ताऱ्यानंतरचा आहे. टक्कर झाली असेल तर ती त्याच्या आधीची.

टकरीच्या खुणा पुसणारा सगळ्यात मोठा गुन्हेगार तिच्यातून जन्मलेला ताराच असतो, ही या विषयाची मूळ अडचण आहे. जड तारा पेटला की काही लाख वर्षांत भोवतीचा वायू उडवून देतो, नवे वेग निर्माण करतो, पूल तोडतो. म्हणून दहा लाख वर्षांहून जुन्या गुच्छापाशी टकरीचा दावा कोणी केला तर मी जरा सावधपणे वाचतो. आणि ज्या ढगांत जड तारे अजून पेटलेले नाहीत पण पूल आणि भोक दिसतं आहे, अशा जागा मला सगळ्यात मोलाच्या वाटतात.

आता तुमच्या प्रकल्पाबद्दल. दुर्बिणीवर वेळ मिळवायच्या मागे लागू नका. जपानच्या नोबेयामा वेधशाळेच्या ४५ मीटर दुर्बिणीने केलेलं फुगिन हे आकाशगंगेच्या पातळीचं सर्वेक्षण सगळ्यांना खुलं आहे. त्यात साधा मोनॉक्साइड, तेरा कार्बनचा आणि अठरा ऑक्सिजनचा असे तिन्ही एकाच वेळी मोजले आहेत. तुम्हाला हवं ते नेमकं हेच आहे. एखादा जड ताऱ्याचा तेजोमेघ निवडा, एम १७ घेतलात तरी चालेल, त्यावर आधीचं काम असल्याने स्वतःचं उत्तर पडताळून पाहता येईल. घन उघडल्यावर पहिल्याच दिवशी साध्या मोनॉक्साइडच्या सुंदर नकाशात रमू नका. जिथे दोन उंचवटे दिसतील ती जागा टिपून ठेवा आणि आधी अठरा ऑक्सिजनचा वर्णपट काढा. तिथेही दोन उंचवटे दिसले तर मग दोन्ही वेगांचे नकाशे वेगवेगळ्या रंगांत काढा, एक दुसऱ्यावर ठेवा आणि भोक शोधा. नकाशा किती सरकवला, कोणत्या दिशेला, आणि न सरकवता किती बसत होता, हे तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. परीक्षक पहिला प्रश्न तिसऱ्या आकड्यावर विचारतील.